वतनाची जमीन आणि बांधलेले हात: महार वतनाच्या प्रश्नाकडे अर्थतज्ज्ञ आंबेडकरांनी कसं पाहिलं

१९२०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखात गावचा सरकारी कारभार ज्या माणसाच्या पायांवर चालत होता, त्याला सरकार स्वतःच्या तिजोरीतून जवळजवळ काहीच देत नव्हतं. वसूल झालेला शेतसारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा, टपाल पुढच्या गावाला न्यायचं, मामलेदार किंवा फौजदार आला की त्याचं सामान उचलायचं, घोड्याला चारापाणी करायचं, रयतेला चावडीवर बोलावून आणायचं, शिवेचा तंटा उभा राहिला की साक्षीला जायचं, रात्री वेशीवर जागायचं. हे झालं सरकारचं काम. गावाचं काम आणखी वेगळं: मेलेलं जनावर ओढून न्यायचं, मयताची बातमी कोसाकोसांवरच्या सोयऱ्यांना सांगायची, सरणाची लाकडं वाहायची, रस्ते झाडायचे. ही सगळी कामं महारांकडे वंशपरंपरेनं होती आणि त्यांच्या मोबदल्याला नाव होतं वतन.

वतनात सर्वसाधारणपणे दोन गोष्टी येत. एक म्हणजे इनाम जमीन, जिच्यावर पूर्ण साऱ्याऐवजी कमी रक्कम, म्हणजे जुडी, द्यावी लागे. दुसरी म्हणजे बलुतं: सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. काही ठिकाणी जोडीला थोडी रोख रक्कम असे. या सगळ्याला कायद्याची चौकट होती ती १८७४च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याची, ज्याला बोलण्यात वतन कायदा म्हणत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेवर १९२७ पासून जे लिहिलं, बोललं आणि विधेयकाच्या रूपात मांडलं, ते मी अर्थशास्त्रीय संशोधनाचा नमुना म्हणून वाचतो. समाजसुधारणेच्या इतिहासात त्याची नोंद होते आणि तिथंच ते थांबतं, याची मला खंत वाटते. सामाजिक न्याय, रूढी आणि विकास यांचा संबंध शोधणाऱ्या आजच्या अभ्यासकाला या एका प्रकरणात फार मोठी गोष्ट सापडते. रूढी लोकांच्या मनात असते आणि मनं बदलली की ती जाते, असं आपण सहज धरून चालतो. आंबेडकरांनी ती मोबदला देण्याच्या पद्धतीत शोधली. धान्य कोण देतं, कशाबद्दल देतं, किती वेळाच्या कामाबद्दल देतं आणि नाही म्हटलं तर काय काढून घेतलं जातं, या चार प्रश्नांच्या उत्तरांत त्यांना अस्पृश्यतेचा रोजचा व्यवहार दिसला.

कुणी न कापता घटलेली मजुरी

वतनाच्या जमिनीचं गणित एका कल्पित गावावर मांडून पाहू, म्हणजे मुद्दा नीट कळेल. समजा, गावात महारांचं बारा एकर वतन आहे आणि सुरुवातीला तीन घरं आहेत. घरटी चार एकर. दोन पिढ्यांनंतर भाऊकी वाढून बारा घरं होतात. जमीन तेवढीच, म्हणून वाट्याला घरटी एकर. सरकारनं मोबदल्यात एका पैशाची कपात केलेली नाही. तरीही प्रत्येक घराची मजुरी चौथ्या हिश्श्यावर आली आहे.

पण बंधन मात्र वाटलं जात नाही. नियमानं वर्षाची पाळी ठरलेली असे आणि तेवढ्याच माणसांनी चाकरी करायची, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात पाळीचा माणूस हजर नसला की त्याच्या बापाला, भावाला, घरात जो सापडेल त्याला कामाला लावलं जाई. आंबेडकरांचा रोख नेमका यावर होता: वतनदार महार चोवीस तासांचा नोकर आहे आणि त्याच्याबरोबर त्याचं अख्खं कुटुंब नोकर आहे. आपल्या कल्पित गावात बारा एकरांच्या बदल्यात आधी तीन घरांचे हात मिळत होते, आता बारा घरांचे मिळतात. वस्ती वाढली की मजुरांचा पुरवठा वाढतो आणि खर्च जागचा हलत नाही. अशी व्यवस्था मोडावी असं चावडीला किंवा तालुका कचेरीला का वाटेल?

यात आणखी एक पेच आहे. वतनाची जमीन वतनी कुटुंबाबाहेर कायमची विकता येत नव्हती. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, एवढ्यापुरतं हे बंधन उपयोगाचं होतं आणि त्यानं काही कुटुंबांची जमीन वाचवलीही. पण जी जमीन विकता येत नाही तिच्यावर धड कर्जही उभं राहत नाही. बैलजोडी, विहीर, बी-बियाणं यासाठी भांडवल हवं. ते नाही म्हणून जमीन पडीक राहते किंवा दुसऱ्याला कसायला द्यावी लागते. वर चाकरीची हाक कधी येईल याचा नेम नाही. पेरणीच्या दिवशी साहेबाचा मुक्काम पडला तर पेरणी राहते. म्हणजे जमीन आहे, हात आहेत, पण हातांना जमिनीवर राबायची मोकळीक नाही. विकासाच्या भाषेत बोलायचं तर श्रम आणि जमीन ही दोन्ही साधनं एकाच वेळी अडकून पडलेली होती.

जमाखर्चात न दिसणारा नोकर

आंबेडकरांचं शिक्षण इथं विसरून चालणार नाही. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधानं त्यांना डी.एस्सी. मिळाली होती. सरकारचा पैसा कुठून येतो, कुणावर भार पडतो आणि कुठल्या सदराखाली खर्ची पडतो, हे तपासण्याची ज्याची नजर तयार झालेली आहे, त्याला गावच्या चावडीवर काय दिसलं असेल?

माझ्या वाचनानुसार त्याला दिसला तो एक लपलेला कर. सरकारी निरोप पोचवायला पगारी शिपाई नेमला असता तर अंदाजपत्रकात त्याची रक्कम दिसली असती आणि इलाख्याच्या कायदे कौन्सिलात त्यावर चर्चा झाली असती. महार वतनदाराच्या बाबतीत सरकार इनाम जमिनीवरचा थोडा सारा सोडून देई आणि बाकीचा बोजा रयतेच्या बलुत्यावर ढकली. रयत बलुतं देई ते सरकारी कामाचं म्हणून नव्हे, आपल्या कामाचं म्हणून. त्यामुळे काम करणारा एक, हुकूम करणारे दोन आणि पैसे द्यायची वेळ आली की दोघांचीही बोटं एकमेकांकडे. सरकारच्या नोकराला त्याचा पगार गावकऱ्यांच्या मर्जीवर मागत हिंडावा लागतो, यावर आंबेडकरांनी पुन्हा पुन्हा बोट ठेवलं. बलुतं हा हक्क असला तरी तो वसूल करायचं साधन महाराकडे नव्हतं. पाटलाशी बिनसलं, कुठल्या घरी उलट उत्तर गेलं, की खळ्यावरून रिकाम्या हातानं परत यायचं.

आणि रोजची भाकरी? येसकरानं, म्हणजे वेशीच्या पाळीवरच्या महारानं, काठी वाजवत दारोदार फिरून शिळंपाकं गोळा करायचं, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू. मजुरी आणि भीक यांच्यातली रेघ पुसून टाकणारी ही पद्धत माणसाच्या स्वाभिमानाचं काय करते, हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही. पण अर्थशास्त्रानं तिच्याकडे काणाडोळा करायचंही कारण नाही. मजुरी ज्या स्वरूपात मिळते ते स्वरूपच घेणाऱ्याची पायरी ठरवत असेल, तर ‘किती मिळालं’ एवढंच मोजून अभ्यास पुरा होत नाही. रोज दारात हात पसरून घेतलेली भाकरी आणि महिनाअखेर सही करून घेतलेला पगार यांची किंमत बाजारभावानं एक असली, तरी समाजात त्यांचे अर्थ दोन टोकांचे आहेत.

१९१८चा निबंध आणि गिरणीतलं सूत

वतनाच्या विश्लेषणाची मुळं आंबेडकरांच्या १९१८च्या एका निबंधात आहेत. हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनी आणि त्यांवरचे उपाय हा त्याचा विषय. त्या काळी बडोद्याच्या समितीपासून शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळे तुकडेजोडीबद्दल बोलत होते. जमिनीचे तुकडे एकत्र करा, किफायतशीर आकाराची शेतं करा, म्हणजे शेती सुधारेल. आंबेडकरांनी या मांडणीचा पायाच तपासला. शेत किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावरून ठरत नाही, असं त्यांनी दाखवलं. त्या जमिनीवर किती श्रम आणि किती भांडवल लागलेलं आहे, त्यांचं आपसातलं प्रमाण काय, यावर ते ठरतं. बैल नाहीत, अवजारं नाहीत आणि खाणारी तोंडं दहा, अशा घराला मोठं शेत दिलं तरी ते तोट्यातच जाईल. खरा आजार जमिनीवरच्या बेकार श्रमाचा आहे आणि त्यावरचं औषध शेतीबाहेर, उद्योगांत आहे. अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांची शेतीतल्या अतिरिक्त श्रमांची मांडणी पुढे आली ती १९५४ साली, हे लक्षात घेतलं की या निबंधाचं मोल कळतं.

वतनाला हाच तर्क लावला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. जास्तीचा माणूस उद्योगाकडे जायला मोकळा आहे का? वतनाची चाकरी त्याला गावाशी बांधते. मुंबईच्या गिरणीत जावं तर मागे राहिलेल्या भावावर पाळी येते, वतनातल्या हिश्श्याचा वाद उभा राहतो. तरीही हजारो लोक गेले, गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत कामाला लागले, आणि गावच्या चाकरीबाहेरचं आयुष्य कसं असतं ते त्यांनी पाहिलं.

पण तिथंही रूढी आधीच जाऊन बसलेली होती. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे आणि त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असं दिलं जाई की धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, सूत ओवताना ते तोंडानं ओढावं लागतं आणि अस्पृश्यानं तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा कामगार हात कसा लावणार? १९२८च्या मोठ्या गिरणी संपात आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते साल. ज्या वर्षी ते कौन्सिलात वतन कायदा बदलायला उभे होते, त्याच वर्षी ते गिरणीतल्या विणकाम खात्याचं दार ठोठावत होते. १९१८च्या निबंधात उद्योग हे उत्तर होतं. दहा वर्षांत त्यांना दिसून आलं की उद्योग वाढले म्हणून जात आपसूक वितळत नाही. बाजार जातीचे नियम जसेच्या तसे उचलून नव्या जागी मांडू शकतो. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’तला त्यांचा सिद्धान्त अशा अनुभवांच्या जोरावर उभा आहे.

विधेयक: तीन गाठी सोडवायचा प्रयत्न

१९२७ साली आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलात नामनियुक्त सभासद म्हणून आले. त्याच वर्षी निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी महार आणि त्यांचं वतन या विषयावर लेख लिहिले. १९ मार्च १९२८ रोजी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी मांडलं.

विधेयकाची रचना पाहिली की त्यामागचा अर्थतज्ज्ञ दिसतो. पहिली तरतूद बाहेर पडण्याच्या हक्काची: वतनदारांना चाकरी नको असेल तर त्यांनी जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि चाकरीतून मोकळं व्हावं. जमीन त्यांच्याकडेच राहील. दुसरी बलुत्याची: धान्याच्या वाट्याऐवजी रोख पट्टी ठरवावी आणि ती सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करून महाराला द्यावी, म्हणजे खळ्याखळ्यावर हात पसरणं थांबेल. तिसरी कामांची: कुठली कामं करायची ते नेमकं ठरवून लिहून काढावं.

पहिल्या तरतुदीवर जरा थांबायला हवं. वतन मोडा म्हणणं सोपं होतं. पण वतन मोडलं तर जमीनही जाईल, ही भीती खरी होती, कारण गावात त्या समाजाच्या नावावर जी काही जमीन होती तिच्यातला मोठा भाग हाच होता. आंबेडकरांनी चाकरी आणि जमीन यांची गाठ सोडवली. जमीन ठेवा, सारा इतरांइतका द्या, गुलामी टाका. सरकारचं यात नुकसान नव्हतं. चाकरीतून सुटलेल्या जमिनीवर पूर्ण सारा येणार होता आणि त्या वाढीव उत्पन्नातून मोजक्या, पगारी नोकरांची सोय करता आली असती. वित्तव्यवस्थेचा अभ्यासक बोलतो आहे, हे इथं लगेच ओळखू येतं.

ऑगस्ट १९२८ मध्ये विधेयकाचं पहिलं वाचन झालं आणि ते निवड समितीकडे गेलं. सरकारी बाजूला खर्चाची धास्ती होती, रयतेच्या प्रतिनिधींना नव्या पट्टीची. समितीतून जे बाहेर आलं त्यात मूळ हेतू उरला नव्हता आणि १९२९ साली आंबेडकरांनी ते मागे घेतलं.

हा विरोध नुसत्या दुष्टाव्याचा होता असं मानलं तर अभ्यास उथळ राहील. शेतकरी स्वतः साऱ्याखाली आणि सावकाराखाली पिचलेला होता. धान्याच्या रूपात देताना पीक बुडालेल्या वर्षी हात आखडता घेता येत होता, रोख पट्टीत ती सवलत गेली असती. पण याच युक्तिवादाचा अर्थ असाही होतो की दुष्काळाचा धोका आजवर महाराच्या पोटावर ढकलला जात होता. गावात सर्वांत कमी साठा ज्याच्या घरी, त्याच्याच माथी सर्वांत जास्त अनिश्चितता, आणि याला रीतभात म्हणायचं! रोख पट्टीला झालेल्या विरोधातून बलुत्याच्या गोडव्यामागचा हा हिशेब उघडा पडला.

घरातला प्रश्न

विरोध बाहेरूनच होता असंही नाही. वतन हा शब्द मराठी मनात मानाचा आहे आणि महार समाजही त्याला अपवाद नव्हता. बीदरच्या बादशहानं आपल्या पूर्वजाला बावन्न हक्क दिले, ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. शिवेच्या वादात ज्याची साक्ष मानली जाते, गावच्या उत्सवात ज्याचे ठरलेले मान आहेत, तो गावाचा कुणीतरी आहे, ही भावना खोटी म्हणून झटकता येत नाही. ज्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलेलं आहे, त्यांच्या हाती राहिलेला एवढाच एक हक्क. तो सोडा, असं सांगायला आंबेडकर उभे होते.

मृत जनावरांचं मांस सोडणं, ती ओढायचं काम नाकारणं यावरही हाच प्रश्न आला. मार्च १९२७ मधल्या महाडच्या परिषदेत त्यांनी त्याचं आवाहन केलं. कातडं आणि मांस यातून मिळणारं उत्पन्न बुडेल, असा व्यवहारी आक्षेप येई. आंबेडकरांचं उत्तर हिशेबाच्या पलीकडचं होतं आणि तरीही हिशेबी होतं: त्या उत्पन्नाची किंमत म्हणून जी पायरी पत्करावी लागते ती जमेस धरा, म्हणजे तोटा कुठं आहे ते कळेल. आज अर्थशास्त्रात ओळखीच्या आणि सन्मानाच्या किमतीवर अभ्यास होतात. या माणसानं तो मुद्दा भरसभेत, ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांच्यासमोर मांडला, आणि लोकांनी तो ऐकून प्रत्यक्षात आणायला सुरुवात केली. कुठल्याही सिद्धान्ताची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही.

बहिष्काराचं यंत्र

रूढी मोडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, याचा दस्तऐवज सरकारी अहवालातच सापडतो. अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर तिचे सभासद होते. समितीनं १९३० साली अहवाल दिला. इलाख्याच्या बहुतेक भागांत अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्य नाही, हे त्यात स्वच्छ नोंदलं आहे: काही जण स्पृश्यांच्या जमिनी त्यांच्या मर्जीनं कसतात, काही त्यांच्याच शेतावर मजुरी करतात आणि उरलेले गावचाकरीच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्यावर जगतात. म्हणून हक्क मागितला की बहिष्काराचं हत्यार निघतं. जमीन काढून घ्यायची, काम बंद करायचं, बलुतं थांबवायचं, वहिवाटीची वाट अडवायची, वाण्याला माल विकू द्यायचा नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७६ साली एका प्रतिमानात दाखवलं की जातीचा नियम कुणालाच मनापासून आवडत नसला तरी टिकून राहू शकतो. नियम मोडणारा बहिष्कृत होतो, त्याच्याशी व्यवहार ठेवणाराही बहिष्कृत होतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीनं नियम पाळतो. हा वाणी का माल विकत नाही, याचं उत्तर त्या प्रतिमानात मिळतं. स्टार्ट समितीचा अहवाल शेजारी ठेवला तर त्यात एक भर घालावी लागते: बहिष्काराचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याची रोजची भाकरी गावाच्या हातात आहे त्याला तो दोन दिवसांत शरण आणतो. ज्याचा भाऊ गिरणीतून मनीऑर्डर पाठवतो त्याला तितक्या लवकर आणू शकत नाही. म्हणून मोबदल्याचं स्वरूप बदलणं हा आंबेडकरांच्या लेखी कल्याणाचा किरकोळ कार्यक्रम नव्हता. रूढीला ज्या जागी दम मिळतो तिथंच हात घालण्याचा तो प्रयत्न होता.

पुढचा प्रवास

१९३६ साली आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकांनंतर आंबेडकर विधानसभेत गेले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत खोतांची व्यवस्था, रद्द करणारं विधेयक आणलं, वतनाचा प्रश्नही पुन्हा पुढे केला. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी आणि महार कुळं एकत्र होती, कारण खोतापुढे दोघांची स्थिती बरीच सारखी होती. वतनाच्या बाबतीत अशी एकजूट जमली नाही, आणि कारण उघड आहे: इथं कुणबी हा बलुतं देणारा होता. हितसंबंधांची रेघ कुठून जाते यावर चळवळीची माणसं ठरतात, हे या दोन प्रश्नांच्या तुलनेतून जितकं स्पष्ट होतं तितकं क्वचित होत असेल.

डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. सिन्नरच्या परिषदेचा रोख होता तो वतनी जमिनींवरच्या वाढीव आकारणीवर. चाकरी तशीच ठेवून आकार वाढवायचा, म्हणजे १९२८च्या प्रस्तावातला सरकारच्या फायद्याचा भाग उचलायचा आणि वतनदाराच्या सुटकेचा भाग वगळायचा. यावर तीव्र विरोध झाला नसता तरच नवल.

१९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनापर्यंत आंबेडकर याही पुढे गेले होते. शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जातपात न पाहता गावकऱ्यांना ती सामूहिकपणे कसायला द्यावी, अशी मांडणी तिथं आहे. ती व्यवहारात उतरली असती का याबद्दल मला शंका आहे, कारण सामूहिक शेतीचा मुकादमही गावातलाच कुणी असणार होता. पण वीस वर्षांत दुरुस्तीच्या विधेयकापासून जमिनीच्या मालकीपर्यंतचा हा प्रवास पाहिला की कायदे कौन्सिलातल्या त्या अपयशानं त्यांना काय शिकवलं असेल, याचा अंदाज येतो.

१९५८चा कायदा आणि वर्ग २ची जमीन

१४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर गावोगावच्या लोकांनी पारंपरिक गावकामं उघडपणे नाकारली. त्यानंतर दोन वर्षांनी महार वतनासारखी कनिष्ठ गाववतनं नाहीशी करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. चाकरी संपली. वतनी जमिनी सरकारजमा करून, आकारणीच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद होती. आंबेडकर तोवर हयात नव्हते. १९२८चा सांगाडा मात्र ओळखता येतो: चाकरी तोडा, जमीन राखा.

फरक दोन ठिकाणी पडला. मुदतीत रक्कम न भरणाऱ्याची जमीन अडकली, आणि ज्याच्या हाती रोकड येतच नव्हती त्याला तिप्पट आकारणीही जड होती, शिवाय असा कायदा झाला आहे ही खबर वस्तीपर्यंत पोचायला हवी होती ते वेगळंच. दुसरा फरक अधिक खोल. परत मिळालेली जमीन नव्या आणि अविभाज्य शर्तीवर मिळाली. सातबाऱ्यावर ती भोगवटादार वर्ग २ म्हणून लागते. विकायची, बिगरशेती करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. चाकरी गेली, पण जमिनीच्या पायातली बेडी पूर्ण निघाली नाही.

ही अट काढावी की ठेवावी, यावर सरळ उत्तर नाही आणि माझं मत सावध आहे. शहरांच्या कडेला गेलेल्या वतनी जमिनींना आज मोठी किंमत आहे. अट ढिली झाली तर त्या कवडीमोलानं लिहून घेणारे टपलेले असतात, आणि अट असतानाही कुलमुखत्यारपत्रं करून असे व्यवहार होतात. म्हणजे अटीमुळे जमीन राखली जाते असं नाही, पण जमिनीचा भाव मात्र नक्की पडतो, कारण कायद्याच्या वाटेनं जाणारा गिऱ्हाईक दूर राहतो आणि आडवाटेचा उरतो. माझ्या मते परवानगीची पद्धत मालकाच्या बाजूनं वळवायला हवी: नजराणा नाममात्र, शेतीसाठी बँकेकडे तारण ठेवायला पूर्ण मोकळीक आणि विक्रीच्या वेळी बाजारभाव खरोखर मिळाला याची तपासणी. सामायिक नावांचा गुंता हा त्याआधीचा प्रश्न आहे. एकेका गटात पन्नास-साठ वारसांची नावं असतील तर तारणही होत नाही आणि विहीरही होत नाही. १९१८च्या निबंधातला तोच प्रश्न, जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणाचा, इथं पुन्हा समोर येतो.

हा अभ्यास पुढे न्यायचा असेल तर सुरुवात तालुक्याच्या अभिलेख कक्षातून करावी लागेल. वतन रजिस्टर, १९५९ नंतरचे सरकारजमा आणि पुनर्प्रदानाचे फेरफार, आणि त्याच गटांचे आजचे सातबारे एका रेषेत लावले तर किती जमीन परत मिळाली, किती मुदतीअभावी गेली, किती अजून वर्ग २ आहे आणि ती कोण कसतं, हे गावागणिक कळू शकतं. त्याबरोबर त्या घरांतल्या कुणी कधी गाव सोडलं, कुठल्या नोकरीत गेलं, शिक्षण कुठवर झालं, हेही विचारावं. वतन लवकर सुटलेल्या आणि उशिरा सुटलेल्या घरांची तुलना करता आली, तर मोबदल्याची पद्धत बदलल्यानं पिढ्यांवर काय परिणाम होतो, हे मोजता येईल.